हिरव्या खुणेवर विश्वास नसलेली बाई

हॉस्पिटलात त्यांना सगळे खात्रीताई म्हणत. तोंडावर मात्र नुसतं ताई. वीस वर्षं त्या तिथले सर्व्हर सांभाळत होत्या आणि एवढ्या काळात कुणाच्या "झालं" या शब्दावर त्यांनी भरवसा ठेवला नव्हता. घरीही तेच. नवरा म्हणाला, "गॅस बंद केलाय," की त्या उठून बघून येत. सासूबाई म्हणत, "मी गेले ना, तरी ही आधी चिमटा काढून बघेल." ताई शांतपणे सांगत, "बघायलाच हवं, आई. डॉक्टर काय चुकत नाहीत?"

यंदा हॉस्पिटलने जुना व्हर्च्युअल प्लॅटफॉर्म सोडून नवा घेतला. सर्व्हररूममधल्या चार लोखंडी पेट्यांत चाळीस मशिनी नांदत होत्या. सगळ्या सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या, पण प्रत्येकीचा तोरा मात्र स्वतंत्र संगणकाचा. त्या हलवायची रीत सोपी होती. इकडे बॅकअप घ्यायचा, तोच तिकडे नव्या पेट्यांत रिस्टोर करायचा; बिऱ्हाड खोक्यांत भरून नव्या घरी उघडावं तसं. त्यासाठी बाहेरच्या कंपनीचा माणूस आला होता. गुळगुळीत दाढी, गळ्यात ओळखपत्र आणि काम फत्ते झाल्याची हिरवी खूण पडद्यावर आली की ओठांवर एकच वाक्य: "हिरवं आहे, मॅडम." शुक्रवारी चार वाजता जुन्या चार पेट्या आतला सगळा डेटा पुसून दुसऱ्या शाखेला जायच्या होत्या, म्हणून तो घाई करत होता. ताईंना ती घाई खटकत होती. घाई करणाऱ्याला काहीतरी झाकायचं असतं, असं त्यांचं ठाम मत.

शुक्रवारी सकाळी शेवटची मशीन हलली. पॅथॉलॉजीची. तिच्यात बायोप्सीच्या स्लाइडचे बारा वर्षांचे फोटो होते. कर्करोगाचा रुग्ण परत आला की डॉक्टर जुना फोटो नव्याशेजारी ठेवून बघत.

"सुरू झाली, लॉगिन झालं, कालचा फोटोही उघडला," कंपनीचा माणूस म्हणाला. "झालं."

"नऊ वर्षांपूर्वीचा उघडा."

"मॅडम, स्थळ बघायला आल्यासारखं बघताय तुम्ही."

"तेव्हा असं बघितलं असतं तर आज गॅस बघावा लागला नसता. उघडा."

फाइल सापडत नाही, असं पडद्यावर आलं. दुसरा रुग्ण, तिसरा रुग्ण, तेच. मशीनच्या तीन डिस्कपैकी नव्या घरी दोनच पोहोचल्या होत्या.

ताईंनी तिथल्या तिथे मोठ्या साहेबांना मेल टाकली: कंपनीचा निष्काळजीपणा. मग पुरावा शोधायला बॅकअपचा लॉग, म्हणजे काय काय झालं त्याची यादी, उघडली. हिरव्या ओळींच्या गर्दीत एक पिवळी होती: तिसरी डिस्क वगळली. वगळायला सांगितलं कुणी? त्यांनी जुन्या प्लॅटफॉर्मवर मशीनची नोंद उघडली. सात वर्षांपूर्वीची तारीख. "जुन्या फोटोंची डिस्क बॅकअपबाहेर. तात्पुरतं." खाली त्यांचीच आद्याक्षरं.

तेव्हा बॅकअप सकाळपर्यंत लांबायचा आणि लॅब खोळंबायची. म्हणून त्यांनी ती डिस्क वगळली आणि तिची नक्कल स्वतः दुसऱ्या पेटीत ठेवू लागल्या. ती पेटी पुढे भंगारात गेली. म्हणजे कित्येक वर्षं ते फोटो एकाच जागी होते, आणि ती जागा चार वाजता पुसली जाणार होती.

"सापडलं काही?" मागून त्या माणसाने विचारलं.

"नाही," ताईंनी पडद्यावरची खिडकी मिटली.

एक वाजता साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या मालकांना सांगतो, उद्यापासून दुसरा माणूस पाठवा," साहेब त्याला म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. "सर, पिवळी ओळ मी वाचली नाही, ती माझी चूक. पण डिस्क मी वगळलेली नाही."

"मग काय भुताने वगळली?"

ताई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर ते तिथेच मिटलं असतं. "मी वगळली होती, सर. आधी त्या पेट्या पुसणं थांबवा."

साहेबांनी फोन उचलला. मग ताईंना जे ऐकावं लागलं ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

बाहेर पडल्यावर तो माणूस जिन्याशी थांबला. "सकाळी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"खोटं बोलले."

"आणखी कुठे काय वगळलंय?"

"आठवत नाही."

"नक्की?"

"नक्की नाही."

त्याने त्यांच्याकडे तिरकं बघितलं. अशा नजरेने त्यांच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. दोघांनी जुनी मशीन बंद केली, तिसरी डिस्क वगळायची सूचना काढली, बॅकअप पुन्हा लावला. तो चालू असताना त्याने खुर्ची ओढली आणि चाळीस मशिनींची यादी स्वतःकडे वळवली.

"पहिली मशीन, केसपेपरची. किती डिस्क?"

"दोन," ताई म्हणाल्या.

"थांबा, बघतो."