ठकीचं नख

सकाळी आमची म्हातारी मांजर ठकी लंगडत आली. सून म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. मी जन्मभर बैलांना नाल ठोकले, मला मांजराचा पाय कळत नाही? चष्मा मी लावत नाही. बोटांनी चाचपला, तर तिनं ओरबाडलं.

मग सुनेनंच पाहिलं. "आबा, नख वाढून वळलंय, पंजात रुतलंय." तिनं ते अलगद कापलं. ठकी पंजा चाटत बसली.

वय झालं की खांबावर नखं घासणं होत नाही, आणि आपलंच नख आपल्याला टोचतं. हल्ली मलाही वाकून पायापर्यंत पोचता येत नाही, पण हे घरात कोण सांगतो?

नेलकटर हातात धरूनच सून म्हणाली, "आता तुमचा पाय आणा."

नाही म्हणणार होतो. पण ठकी बघत होती. तिच्यासमोर ओरबाडणं मला शोभलं नसतं.