कान नसलेला रुमाल

नगरपरिषदेत दोन प्रकारची माणसं असतात, असं आकारामचं ठाम मत होतं. एक कागद उचलणारी आणि दुसरी कागदावर सही करणारी. उचलणाऱ्यांना खोकला होतो आणि सही करणाऱ्यांची बदली होते. आकाराम एकतीस वर्षं खोकला आणि तेवढ्या काळात चौदा मुख्याधिकारी येऊन गेले. त्यातल्या तिघांची नावं त्याच्या ध्यानात होती. बाकीच्यांना तो 'चष्म्यावाला', 'पान खाणारा' आणि 'तो दुसरा' म्हणायचा.

कृष्णाकाठच्या त्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालून वाकून आत गेलं की रेकॉर्ड रूम लागते. आकाराम तिथला शिपाई. फायली पिवळ्या कापडात गठ्ठा करून बांधायच्या आणि फळीवर लावायच्या, हे त्याचं काम. अशा गठ्ठ्याला कचेरीत रुमाल म्हणतात. त्याच्याकडे तीनशे बारा रुमाल होते आणि कुठला कुठे आहे ते तो डोळे मिटून सांगायचा. वरचे साहेब मात्र "अरे, ते कोर्टाचं कायतरी आण" एवढंच सांगायचे. मग आकारामनंच विचारायचं, कुठल्या सालचं, कुणाविरुद्धचं. साहेबाला ते माहीत नसायचं. चहा कुठल्या कपात आणलाय ते मात्र बरोबर माहीत असायचं.

त्याची गाठ सगळ्या कचेरीत ओळखीची होती. त्याचा आजा औंधच्या पलीकडच्या माळावर मेंढरं राखायचा. "जनावर बांधायचं त्ये सुरगाठीनं," आजा सांगायचा. "लांडगा आला, आग लागली, तर एका हिसक्यात सुटलं पायजे. निरगाठ मारून मेंढरू मारायचं न्हाई." आकारामनं ते कागदांना लावलं. प्रत्येक रुमालाला सुरगाठ, आणि तिचा एक फास बाहेर काढून ठेवलेला. त्याला तो कान म्हणायचा. कान ओढला की रुमाल उघडला. कागद बघायसाठीच असतोय, मग त्याला आवळून कशाला ठेवायचा, असा त्याचा साधा हिशेब होता. वरच्या लोकांना हा हिशेब कधी पटला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो निवृत्त झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि ज्यांनी कधी रेकॉर्ड रूमचा उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी त्याच्या चोख कामावर भाषणं केली. आकाराम घरी आला आणि दोन शेळ्या पाळून बसला.

नगरपरिषदेसमोर संयोगिताचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती एके सकाळी स्कूटीवरून त्याच्या दारात आली.

"तात्या, रागावू नका," ती म्हणाली, "पण ह्ये तुमी वाचलंच पायजे."

प्रकरण असं होतं. आठवडी बाजारात बायकांसाठी मुतारी बांधा, म्हणून तिनं अर्ज केला होता. नगरपरिषदेनं उत्तर दिलं, निधी उपलब्ध नाही. संयोगिता चिडली. तिनं माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून एका ओळीत विचारलं, की मग गेल्या दहा वर्षांत वकिलांवर किती खर्च केला ते सांगा. महिनाभर उत्तर नाही. अपील केल्यावर आलं ते हे पत्र. अधीक्षक वीरधवल यांची त्यावर वळणदार सही होती. मजकूर असा, की न्यायालयीन खर्चाची नस्ती तत्कालीन अभिलेख शिपाई श्री. आकाराम यांनी निवृत्तीवेळी हस्तांतरित न केल्याने आढळून येत नाही, सबब संबंधितावर पोलीस कारवाई प्रस्तावित आहे.

आकारामनं ते दोनदा वाचलं. त्याची बायको रंगुबाई चुलीपुढून उठून आली. "काय झालं वं?" तिनं विचारलं.

"मी फाईल चोरली म्हणत्यात," तो म्हणाला.

त्याला राग आला होताच, पण त्याहून जास्त लाज वाटली, आणि न केलेल्या गोष्टीची लाज वाटते याचा त्याला पुन्हा राग आला. एकतीस वर्षांत एक चिटोरं हरवलं नव्हतं. ज्या वीरधवलला जावक नोंदवही आणि आवक नोंदवही यातला फरक त्यानं शिकवला होता, त्यानंच बिनदिक्कत त्याचं नाव घातलं होतं. स्वतःचे हात झटकायला शिपायाच्या सदऱ्यासारखं सोयीचं फडकं दुसरं नाही.

अपिलाची सुनावणी मुख्याधिकाऱ्यांपुढे होती. या पंधराव्या. नाव क्रांती, पण बाईंचं प्रत्येक वाक्य 'नियमानुसार' या शब्दानं सुरू व्हायचं आणि तिथंच बसायचं. संयोगितानं आकारामला बरोबर नेलं. तो धुतलेली टोपी घालून गेला.

"नियमानुसार आम्ही शोध घेतला," क्रांतीमॅडम म्हणाल्या. "फाईल नाही."

"कोण शोधलं?" आकारामनं विचारलं.

वीरधवल हसला. "आकाराम, तुम्ही आता रिटायर झालात. कशाला त्रास करून घेता?"

"पोलिसात मला धाडनार, आन् तरास मी करून घेऊ नगं?" आकाराम म्हणाला. "खालनं दुसरी फळी, डावीकडं पाचवा रुमाल. चला, दावतो."

मॅडमना जायचं नव्हतं, पण संयोगिता 'येत नाही' असं लेखी मागत होती आणि लेखी हा शब्द ऐकला की वरची माणसं चटकन उठतात. सगळे जिन्याखालून वाकून आत गेले. वीरधवलच्या डोक्याला तुळई लागली. आकारामला बरं वाटलं.

दुसऱ्या फळीवर पाचवी जागा रिकामी होती.

"बघा," वीरधवल डोकं चोळत म्हणाला.

आकारामनं फळ्यांवरून नजर फिरवली. धूळ साचली होती, पण तीनशेवर रुमालांचे कान तसेच बाहेर आलेले होते, आपापल्या जागेवर, जसे तो सोडून गेला होता. पाय न हलवता तो सगळ्या भिंतीभर बघत राहिला. मग त्यानं जन्म-मृत्यू नोंदींच्या सगळ्यात वरच्या फळीकडे बोट केलं.

"त्यो काढा. त्याला कान न्हाई."

स्टूल आणून रुमाल काढला. वर चिठ्ठी जन्म नोंदीची होती, गाठ मात्र निरगाठ, ओढावी तशी आवळत जाणारी. वीरधवल घाईघाईनं म्हणाला, "कात्री आणा रे." आकारामनं हात आडवा घातला. कापड सरकारी आहे, त्याला कात्री लावायची नाही, असं सांगून तो खाली बसला आणि नखांनी गाठ सोडवत बसला. त्याला पाच मिनिटं लागली. तेवढ्या वेळात वीरधवल दोनदा खोकला. त्याच्या आयुष्यातला तो पहिला प्रामाणिक खोकला असावा.

आत जन्माची नोंद एकही नव्हती. वकिलांची बिलं होती.

ती कुठल्या खटल्याची होती ते आकारामला कागद न वाचता कळलं. बाजारात भाऊसोचं चहाचं दुकान होतं. त्याच्या दुकानाचा पत्रा रस्त्यावर दीड फूट पुढे येत होता. एवढ्यासाठी नगरपरिषद नऊ वर्षं कोर्टात गेली. सहाव्या वर्षी भाऊसो वारला. पत्रा त्याआधीच नगरपरिषदेनं उचलून नेला होता. म्हणजे शेवटची तीन वर्षं एवढी मोठी नगरपरिषद नसलेल्या माणसाशी नसलेल्या पत्र्यावरून भांडत होती, आणि प्रत्येक तारखेला वकीलसाहेब उपस्थिती शुल्क, मसुदा शुल्क आणि चर्चा शुल्क घेत होते. चर्चा कुणाशी करत होते देव जाणे. शेवटी कोर्टानंच कंटाळून दावा निकाली काढला. तो निकाल आकारामनं निवृत्तीआधी स्वतः या फाईलला लावला होता.

आणि त्या निकालाच्या वर आता आणखी सात तारखांची बिलं लावलेली होती. शेवटचं गेल्या दिवाळीचं.

"वीरधवलसायेब," आकाराम म्हणाला, "मी गेलो मे म्हैन्यात, दोन वर्सं झाली. गेल्या दिवाळीचा कागद माझ्या रुमालात आपल्या पायानं चालत आला व्हय?"

वीरधवलनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी भिंतीवरच्या पालीकडे पाहिलं.

संयोगिताला माहिती मिळाली. त्या एका दीड फुटासाठी सहा लाख चाळीस हजार. आदेशात मॅडमनी लिहिलं, की नियमानुसार पुनश्च शोध घेतला असता नस्ती आढळून आली. कुणाला आढळली, कुठे, कुणी दडवली होती, यातलं काही नाही. आकारामचं नाव घालताना कचेरीला अख्खं नाव सापडलं होतं. काढताना मात्र तिला एक अक्षर सुचलं नाही.

"आता सापडली ना फाईल, सोडून द्या," असं त्याला कितीजणांनी सांगितलं. पण तो ऐकेना. त्यानं अर्ज दिला, माझ्यावर लिहिलेली ओळ लेखी खोडा. महिन्यानं उत्तर आलं, आपल्या अर्जावर विधी सल्ला मागवण्यात आला आहे. आकाराम मोठ्यानं हसला आणि रंगुबाई घाबरून बाहेर आली. सल्ला देणारे वकीलसाहेब तेच होते. त्यांनी दोन पानांत कळवलं, की सदर ओळ वगळण्यास कायदेशीर हरकत दिसत नाही. मग ती ओळ खोडलेलं पत्र आकारामच्या हातात आलं. संयोगितानं लगेच दहा रुपयांचं तिकीट लावून त्या सल्ल्याचं बिल मागवलं. अकरा हजार रुपये. आकारामची अब्रू परत द्यायला नगरपरिषदेला सल्ला विकत घ्यावा लागला. ती घालवताना कुणालाही विचारावं लागलं नव्हतं.

वीरधवलची बदली झाली. मोठ्या नगरपरिषदेत, बढतीवर.

आकारामनं आरोपाचं आणि ओळ खोडल्याचं अशी दोन्ही पत्रं आणि सगळ्या बिलांच्या झेरॉक्स पिवळ्या कापडात बांधून सोप्यातल्या खुंटीला अडकवल्या. "ट्रंकंत घाला की, कुलूप लावा," रंगुबाई म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खुंटीकडे बोट करून सांगायचा, "वढा तो कान." लोक ओढायचे, वाचायचे, शिव्या घालायचे आणि चहा पिऊन जायचे. दरवेळी आकाराम आपली खोडलेली ओळ आधी दाखवायचा.

एक दिवस भाऊसोची बायको मनुबाई आली. ती आता बाजाराच्या कोपऱ्यावर गाड्यावर चहा विकते. तिनं कान ओढला, पण तिला वाचता येत नव्हतं, म्हणून आकारामनं एकेक बिल मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊसो वारल्यानंतरच्या तारखा आल्या तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"आवं, म्हंजी ह्येंचं दिवस घालून झाल्यावरबी ह्येंचं नाव घिऊन पैसं खाल्लं?"

"व्हय, मनुबाई."

तिनं ते बिल त्याच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं नाव तर तुमी खोडून घेतलासा. ह्येंचं अजून हाय नव्हं त्यात?"

नाव होतं. प्रत्येक बिलावर, विरुद्ध या शब्दाच्या पुढे. आकारामनं खोडलेली ओळ तोवर शंभर जणांना दाखवली असेल, पण हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यानं कागद गोळा केले, सुरगाठ मारली आणि कान बाहेर काढून ठेवला. टोपी घातली.

"चला," तो मनुबाईला म्हणाला, "संयोगिताच्या दुकानात कोरा कागद मिळतोय."