दमकाकू आणि भिंगरीचा भाता

आमच्या इमारतीत एक बातमी बरेच दिवस फिरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दमकाकू म्हणे लहान मुलांच्या तोंडाला मास्क लावून त्यांना पळवतात आणि पोरं धापा टाकायला लागली की खुशाल हसतात. तळमजल्यावरच्या आजींनी तर "श्वास काढून बाटलीत भरते हो ती!" अशी पदरची भरही घातली होती.

मास्क खरा, पळवणं खरं, हसणंही खरं. बाकी सगळं तिखटमीठ. काकू मुलांच्या हॉस्पिटलात श्वास तपासायच्या खोलीत काम करतात. मूल ट्रेडमिलवर आधी चालतं, मग पळतं, आणि त्याचा प्रत्येक श्वास पडद्यावर रेघ होऊन उमटतो. मास्कमध्ये बोलता येत नाही, म्हणून काकूंनी अंगठ्याची भाषा ठरवलीय. अंगठा वर म्हणजे चालू द्या, खाली म्हणजे पुरे. शिवाय मास्क आधी काकूंच्या तोंडावर चढतो, आणि तोही मुलानेच चढवायचा. पोरं सूड उगवल्यासारखा पट्टा आवळतात. गालांवर ते वळ मिरवत काकू संध्याकाळी जिना चढतात. मग इमारतीत चर्चा होणार नाही तर काय!

त्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी त्यांच्या पुढ्यात वरून एक बूट येऊन आदळला. मागोमाग दुसरा. बूट समोरच्या घरातल्या भिंगरीचे होते. वय वर्षं आठ, चालणं ठाऊक नाही, सगळीकडे पळतच जाणार. काकूंनी बूट उचलले आणि थेट तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे पादत्राणं उडायला कधी लागली रे?"

भिंगरीचा बाप लांब पल्ल्याचा धावपटू. माणूस इतका शिस्तीचा, की झोपेतसुद्धा तालात श्वास घेत असावा. "काकू, हिची शाळेची शर्यत मी रद्द केलीय, म्हणून बूट भिरकावलेत हिने," तो म्हणाला. "थोडं पळाली की भात्यासारखी धपापते. मी किती शिकवलं, माझ्यासारखा लांब, सावकाश श्वास घे म्हणून. तसं केलं की अर्ध्यातच कासावीस होऊन बसते. छातीतच काहीतरी दोष आहे."

"बाबांसारखा श्वास घेतला की मला श्वासच पुरत नाही!" आतून भिंगरी ओरडली.

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखव आणि माझ्या खोलीत घेऊन ये. अंदाजपंचे पोरीचे पाय बांधू नकोस."

बोलल्या ठसक्यात, पण घरी आल्यावर त्यांचा जीव खालीवर होत राहिला. खरंच काही निघालं, तर हेच बूट माळ्यावर टाका म्हणून सांगायची पाळी आपल्यावरच यायची.

तपासणीच्या दिवशी भिंगरीने काकूंचा पट्टा असा काही आवळला, की त्यांचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. मग तिची पाळी. ट्रेडमिल वेग घेऊ लागली तशी पडद्यावरची रेघ करवतीच्या दातांसारखी दाट झाली. शेजारी डॉक्टरीणबाई शांत उभ्या होत्या. बाप मात्र लाल बटणाकडे झेपावला.

"बंद करा! धाप लागलीय तिला!"

काकूंनी त्याच्या हातावर चापटी मारली. "बटण बघू नकोस, अंगठा बघ!"

अंगठा वर होता. झेंड्यासारखा ताठ.

डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला: छाती ठणठणीत, श्वास वयाला साजेसा. तरी बापाचं समाधान होईना. "मग माझा श्वास असा का नाही?"

काकूंनी पाण्याची बाटली घेतली. त्याच्या हातात मोठा पेला दिला, भिंगरीच्या हातात औषधाच्या बाटलीचं इवलंसं झाकण. "तहान दोघांनाही लागलीय. झाकणाने पिणाऱ्याला घाई करावीच लागणार ना? लहान मुलाचा एकेक श्वास एवढासा. पळताना हवा पुरायला हवी, तर भराभर घ्यायला नको? वाढेल तसं झाकण मोठं होईल, श्वास खोल होईल आणि आपोआप सावकाशही. आतापासूनच तुझा पेला तिच्या तोंडाला लावलास, म्हणून तर ती कासावीस झाली."

बापाने पेला खाली ठेवला आणि शर्यतीला हो म्हटलं. भिंगरीची धाप तर केव्हाच थांबली होती आणि ती पुन्हा ट्रेडमिलवर चढू बघत होती.

शर्यतीच्या दिवशी काकू रजा टाकून मैदानावर हजर. रिलेचा शेवटचा टप्पा भिंगरीकडे. तिच्या हातात दांडू आला तेव्हा दोन मुली पुढे होत्या. बाप तोंड उघडणार, तोच काकूंनी डोळे वटारले आणि त्याने ओठ घट्ट मिटले. भिंगरी आपल्याच भात्यावर निघाली. फासफूस, फासफूस, आजूबाजूच्या बायका "अगं, हिला थांबवा कुणीतरी!" म्हणू लागल्या. वळणावर तिने एकीला गाठलं आणि बापाकडे न बघताच मोकळा हात उंच केला. अंगठा वर! शेवटच्या पट्ट्यात दुसरीलाही मागे टाकून ती फीत छातीवर घेऊनच थांबली. मैदान दणाणलं. काकूंनी तर पिशवीतली छत्री काढून हवेत नाचवली.

बाप कठड्यावरून उडी मारून धावला, काकू मागोमाग. तोपर्यंत भिंगरी मैत्रिणींच्या घोळक्यात नाचत होती, आणि शर्यतभर श्वास रोखून धरलेला हा मात्र गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत, घामाघूम.

"काकू," तो कसाबसा म्हणाला, "पाहिलंत ना, कसली धाप लागली होती तिला!"

काकू म्हणाल्या, "तिची कधीच थांबली. पळाली ती आणि दम लागलाय तुला. ये उद्या, तुलाच लावते मास्क."