भिजत घातलेली होडी

ओब्रादबद्दल माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे होते. पण आमच्या धक्क्यावर त्याला ओळखणारा आता मी एकटाच उरलोय.

बेगेय कालव्यावर आम्हा सगळ्यांच्या होड्या पत्र्याच्या. त्याची एकट्याची ओकच्या फळ्यांची, वडिलांनी बांधलेली. तिच्यातून तो लव्हाळे नेई, सरपण नेई. त्याला दुसरा धंदा येत नव्हता.

त्या उन्हाळ्यात पाणदरवाज्याच्या दुरुस्तीसाठी कालवा रिकामा केला. होड्या चिखलावर बसल्या. आमच्या होड्यांना काही झालं नाही. ओब्रादच्या फळ्या मात्र उन्हात आकसल्या आणि त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. पानगळीच्या सुमारास पाणी परत आलं आणि त्यापाठोपाठ नोटीसही. तपासणीच्या दिवशी जी होडी तरंगत असेल तिलाच धक्क्यावर जागा मिळणार, बाकीच्या भंगारात जाणार.

ओब्रादने वडील करायचे तेच केलं. दोर काठावरच्या विलोच्या झाडाला बांधून, होडीत दगड भरून ती काठाशी बुडवली. लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी आपोआप मिटतात.

त्याची बायको स्मिल्या काठावर उभी होती. "लोक होडी बुडू नये म्हणून चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात," ती मला म्हणाली, "आणि आमचे हे बघा."

"तू घेवडा भिजत घालतेस ना? तसंच आहे हे," ओब्राद म्हणाला.

"माझा घेवडा तपासायला कुणी साहेब येत नाही."

मी म्हटलं, "अरे, एखादी पाटी तरी लाव."

"कशाला? दोर बांधलेला दिसत नाही का? टाकून दिलेल्या होडीला कुणी दोर बांधतं?"

इथल्या कुणालाही ते कळलं असतं. पण गाळ काढणारी माणसं शहरातून आली, आणि तीही तपासणीच्या आधीच. ओब्राद तेव्हा डांबर आणायला गेला होता. मी त्यांच्या मुकादमाला सांगितलं, होडी चांगली आहे, मालक दुपारच्या बसने येईल.

"गेलाय कुठे?"

"डांबर आणायला. होडीला लावायचंय."

"बुडलेल्या होडीला?" तो हसला. "आजोबा, वर तरंगते ती होडी. खाली असतो तो अडथळा."

फळ्या कशा फुगतात ते मी सांगू लागलो, पण त्यांच्या गाळ उपसायच्या यंत्राच्या घरघरीत माझा आवाज पोचला नाही. त्यांनी होडीच्या पोटाखालून साखळी घातली आणि दगडांसकट उचलली. ती मधोमध मोडली.

ओब्राद डांबराचा डबा घेऊन आला तेव्हा तुकडे काठावर पडले होते. गुडघ्यांवर बसून त्याने एका तुकड्यावरून अंगठा फिरवला, मग मला जवळ बोलावलं.

"बघ," तो म्हणाला. "मिटल्या होत्या."

मी बघितलं. फळ्यांमध्ये नख शिरत नव्हतं.

तपासणीला साहेब आले आणि त्याची जागा रिकामी लिहून गेले. हिवाळ्यासाठी त्या फळ्या फोडून वाळवाव्यात, निदान चुलीला तरी होतील, असं स्मिल्याचं म्हणणं होतं. त्याने ते ऐकलं नाही. तुकडे दोराने एकत्र बांधले आणि विलोखाली पुन्हा पाण्यात सोडले.

"आता कशाला भिजवतोस?" तिने विचारलं.

"सुकल्या तर फटी पडतील," तो म्हणाला.