चार वेळा नकार

आमच्या कॉलनीत कुणाच्या ओट्यावर दिवसाढवळ्या बल्ब जळताना दिसला, की सहादूकाका सरळ आत शिरून बटण बंद करायचे. जय भीम वगैरे नंतर, आधी बटण. माझ्या आईचा त्यावरून पारा चढायचा. "तुम्हाला वीज मंडळाने नेमलंय का हो?" असं ती त्यांच्या तोंडावर विचारायची, आणि ते हसत हसत जाता जाता पंख्याचंही बटण बंद करून जायचे.

लोकांना वाटायचं, म्हातारा चिक्कू आहे. तसं नव्हतं. काकांनी एकतीस वर्षं सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवला. पत्र्यावर वरून डाय आदळते, पत्रा हव्या त्या आकारात कापला जातो, आणि मध्ये हात असेल तर हातही. म्हणून त्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच डाय खाली येते. म्हणजे दर वेळी मशीन माणसाला विचारतं, येऊ का खाली? आणि माणसाचे दोन्ही हात बाहेर असतील तरच त्याचा होकार पोचतो. काम जास्त निघावं म्हणून त्यांच्या शेठने एक बटण तारेने कायमचं दाबून बांधलं होतं. फकिरा नावाच्या त्यांच्या जोडीदाराची चार बोटं त्या तारेपायी गेली.

त्यानंतर पाळी सुरू झाली की काका आधी सगळ्या प्रेसच्या तारा सोडायचे, आणि सुटताना मेन स्विच स्वतः खाली ओढायचे. शेठच्या शिव्या खाल्ल्या, दोनदा घरी बसले, पण तारा सोडायचं काही सोडलं नाही. "माणसाला इचारल्याबिगर मशीन हलायला नको," हे त्यांचं म्हणणं आम्ही पोरांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते तोंड उघडायच्या आत आम्हीच म्हणायचो. रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात पसरून साऱ्या कॉलनीला बोटं दाखवली. दहाच्या दहा. त्या कामात दहाही बोटं शाबूत राहिलेले थोडेच.

मी तेजल, काकांच्या शेजारची. त्यांचा मुलगा प्रफुल्ल आणि मी एकाच कंपनीत कामाला आहोत. गंगापूर रोडला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची अकरा जणांची कंपनी. प्रफुल्ल मोबाईल ॲपचा कोड लिहितो आणि मी तो तपासते. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. स्वभावही तसाच असल्यामुळे आजवर निभावलं.

प्रफुल्लची आई सुमनबाई, माझ्या तोंडात मावशी. वीस वर्षांचा मधुमेह, रोज इन्शुलिन, नजर अधू झालेली. त्यातही वाईट म्हणजे साखर खाली गेली तरी त्यांना कळायचं नाही. इतरांना घाम फुटतो, हात थरथरतात. मावशींचं शरीर काही सांगायचंच नाही. दोनदा बोलता बोलता त्या कलंडल्या. दोन्ही वेळा काका शेजारी होते म्हणून वेळेवर तोंडात साखर पडली.

म्हणून प्रफुल्लने ते ॲप लिहिलं. मावशींच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असायचा. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा ब्लूटूथवरून काकांच्या फोनला पाठवायचा. आकडा सत्तरच्या खाली गेला की फोन असा बोंबलायचा की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत यायची. पुढे कंपनीने ते ॲप आणखी पेशंटना दिलं, पण पहिला फोन काकांचा. मावशींना स्क्रीन दिसायची नाही, आणि तसेही ते दोघं एकमेकांपासून दहा पावलांच्या बाहेर कधी नसत.

पण काका ते काका. फोनवर ब्लूटूथची निळी खूण दिसली की बंद. "आत्ता कुठं वाजतंय? मंग कशाला चालू?" समजावून सांगितलं की मान डोलवायचे. चार तासांनी पुन्हा बंद. ती हाताची सवय होती, डोक्याला विचारून चालत नव्हती. शेवटी प्रफुल्लने कोडमध्ये एक ओळ घातली. ब्लूटूथ बंद दिसलं की ॲपने ते गुपचूप चालू करायचं, कुणाला काही विचारायचं नाही. मी पंचवीस वेळा बंद केलं, पंचवीस वेळा ते आपोआप चालू झालं. पास.

काकांच्या ते लक्षात आलंच. "तेजल, हे कोण चालू करतं गं? मी बंद केलं व्हतं."

"मीच करतो आबा," प्रफुल्ल मध्येच म्हणाला.

"मला न इचारता?"

"तुम्हाला विचारून काय उपयोग?"

काकांनी फोन खाली ठेवला. "म्हंजे तू तार बांधली," ते म्हणाले.

प्रफुल्लला ते फार लागलं. "त्या तारेवर आई जगतेय, आबा," म्हणाला आणि ताटावरून उठला. तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत फोन नऊ वेळा बोंबलला आणि नऊ वेळा मावशींच्या तोंडात साखर गेली.

मधल्या काळात भिमाबाईंचं प्रकरण झालं. त्या तळमजल्यावर राहतात. फोनने काहीतरी विचारलं, त्यांनी 'हो' दाबलं, आणि त्यांच्या नावाने कॉलनीभर घाणेरडे मेसेज गेले. आठ दिवस बिचाऱ्या दाराबाहेर आल्या नाहीत. प्रफुल्लने त्याच संध्याकाळी कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फोनने काहीही विचारलं तर – नकार द्या', आणि ते शोकेसच्या बाजूला भिंतीवर चिकटवलं. फोन मराठीत होता, त्यावर कुठे काय दाबायचं हे काकांकडून दहा वेळा घोटून घेतलं. काकांना हे पटलं. कुणी तरी विचारतंय आणि आपण उत्तर देतोय, हा त्यांच्या मनासारखा कारभार होता. त्या कागदाखाली बसून मी कितीतरी वेळा चहा प्यायले आहे.

गेल्या वर्षी काकांच्या फोनची बॅटरी फुगली. प्रफुल्लने नवा फोन आणला. नव्या फोनसाठी ॲप नव्याने बांधायला घेतलं तेव्हा कळलं, की नियम बदललेत. आता कुठल्याही ॲपला आपल्या मनाने ब्लूटूथ चालू करता येत नाही. 'ॲपला ब्लूटूथ चालू करायचे आहे' अशी पाटी दाखवायची, खाली 'अनुमती द्या' आणि 'नकार द्या', आणि माणूस म्हणेल ते ऐकायचं. प्रफुल्लची ती एक ओळ मेली होती. चालवली तर नुसतं 'नाही' असं उत्तर यायचं.

"आबांच्या मनासारखं झालं," प्रफुल्ल हसून म्हणाला. "फोनवाल्यांनी तार सोडली."

आम्ही दोघं हसलो. हे मला आता आठवतं तेव्हा स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

मी ते तपासलं. पाटी येते का? येते. 'अनुमती द्या' दाबलं की ब्लूटूथ चालू होतं का? होतं. वीस वेळा दाबून बघितलं. पास. 'नकार द्या' मी एकदाही दाबलं नाही. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो नकार कशाला देईल, असं वाटलं असेल. खरं सांगायचं तर काही वाटलंच नाही. संध्याकाळची साडेपाचची गाडी होती आणि मला निघायचं होतं. दाबलं असतं तर दिसलं असतं, की नकार दिल्यावर ॲप गप्प बसतं, आणि स्क्रीनवर आधीचा आकडा तसाच ठेवतं. तो किती जुना आहे हेही सांगत नाही.

मार्चमधला बुधवार, नवा फोन काकांच्या हातात येऊन दुसराच दिवस. सकाळी नऊ वाजता इन्शुलिन घेऊन मावशी जेवायला बसल्या. तोंडाला चव नाही म्हणून अर्धी भाकरी ठेवून दिली आणि आडव्या झाल्या. काकांनी ताट उचललं, गॅसचा रेग्युलेटर बंद केला, पंखा बंद केला, आणि फोनवरची निळी खूण दिसली तीही बंद केली.

इन्शुलिन घेऊन मावशी पोटभर जेवल्या नाहीत, साखर उतरू शकते, हे त्यांच्या डोक्यात होतं. म्हणून तासाभराने त्यांनी ॲप उघडलं. फोनने विचारलं. त्यांनी कागदावर लिहिल्याप्रमाणे नकार दिला. समोर आकडा होता एकशे बेचाळीस. छान आकडा. बारा वाजता उघडलं, विचारलं, नकार, एकशे बेचाळीस. दीड वाजता तेच. तीन वाजता तेच. मावशी झोपल्या होत्या आणि साखर ठीक होती, मग आजारी माणसाला कशाला उठवायचं? त्यांनी अंगावर चादर घातली. चार वाजता चहा करून उठवायला गेले तेव्हा त्या उठल्या नाहीत.

दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तिथेच त्या गेल्या. शुद्ध आलीच नाही.

फोनमधली नोंद प्रफुल्लने आणि मी ऑफिसात बसून वाचली. चार वेळा विचारलं, चार वेळा नकार, वेळेसकट. प्रफुल्लने एकदाही मान वर केली नाही. मग त्याने फोन खिशात टाकला, घरी गेला आणि भिंतीवरचा कागद फाडला. वडिलांना त्याने काही सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. आमचे मालक महेश सर यांनी अहवाल करून घेतला. त्यात एक वाक्य होतं, 'वापरकर्त्याने परवानगी नाकारली.' तपासणाऱ्याच्या सहीची जागा खाली होती. मी सही केली. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, म्हणूनच ते इतकं नीच आहे.

मावशींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन पंधरा दिवस झाले असतील. रविवारी दुपारी काकांनी मला हाक मारली. मी गेले तर घरात लख्ख ऊन आणि सगळे दिवे चालू. स्वयंपाकघरातला बल्ब, ट्यूब, दोन्ही पंखे. भिंतीवर कागदाच्या जागी चिकटपट्टीचे चार कोपरे राहिले होते.

"प्रफुल्ल माझ्याशी बोलत नाय," काका म्हणाले. "तू सांग. त्या दिवशी फोन मला सारखं एकच इचारत व्हता. ते काय व्हतं?"

जाहिरात होती, असं सांगायचं मी जिन्यातच ठरवून आले होते. तोंडातून निघेना. मी सगळं सांगितलं. नवा नियम, पाटी, जुना आकडा, मी न दाबलेलं बटण. "चूक माझी आहे काका," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "नकार दिल्यावर काय होतं ते मी बघायला हवं होतं. तेच माझं काम होतं."

त्यांनी मला रडू दिलं. मग हळूच विचारलं, "पण इचारलं व्हतं ना त्यानं?"

"हो."

"मराठीत?"

"हो काका."

"चारदा?"

"चारदा."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले आणि बोटांकडे बघत राहिले.

"मंग तुझी कशी चूक, पोरी? मशीननं रीतसर इचारलं. माझे दोन्ही हात मोकळे व्हते."

मी काहीबाही बोलले, ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. निघताना दाराजवळचा बल्ब दिसला तसा सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "आता काय बंद करू नको."