लिफ्टवाल्याचं शिखर

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कामात वाकबगार आहे, हे मी नाइलाजाने कबूल करते. बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला कान लावून, मोटरचा आवाज ऐकून, बिघाड कुठे आहे ते सांगतो. म्हणजे कान शाबूत आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात त्याचे कान खराब होते असा कुणाचा गैरसमज नको.

चाळिशी ओलांडल्यावर या गृहस्थाच्या डोक्यात शिरलं की आपण एक मोठं बर्फाचं शिखर चढायचं. का, ते विचारू नका. मी विचारलं होतं, तर म्हणाला, "ताई, माणसाला ध्येय हवं." जणू आम्ही बाकीचे गाजरगवतासारखे उगवलो होतो.

तयारी सुरू झाली. पाठीवरच्या पिशवीत लिफ्टच्या जुन्या लोखंडी पट्ट्या भरून हा पहाटे जिना चढायचा आणि उतरायचा. मी त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. माझ्या दारावरून तो धापा टाकत जायचा तेव्हा वाटायचं, कुणी कपाट ढकलत नेतंय. दिवसभर दुसऱ्यांसाठी लिफ्ट चालू करायची आणि स्वतः जिना झिजवायचा. इमारतीतल्या लोकांनी त्याचं नाव 'शिखरवीर' ठेवलं. त्याला ते कौतुक वाटलं. आम्ही कुणी त्याचा भ्रम मोडला नाही.

घर त्याच्या तालावर नाचू लागलं. जेवण उकडलेलं, दिवे लवकर बंद, धाकटीच्या मैत्रिणींनी संध्याकाळी यायचं नाही, कारण साहेबांची झोप मोडते. धाकटी दातांच्या एका दवाखान्यात फोन घ्यायची. घरी येऊन दिवसभरातली एखादी गंमत सांगायला लागली की हा हात वर करायचा. "आत्ता नको. श्वासाचा व्यायाम चाललाय."

मग त्याने कुठल्याशा वक्त्याचं भाषण ऐकलं. ध्येयही गाठायचं आणि नातीही जपायची, असा विषय. तिथून आला तो नवीन खूळ घेऊन. रविवारी दुपारी बायकोसाठी राखीव वेळ! खुर्ची ओढून समोर बसायचा, घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "बोल."

"काय बोलू?"

"मनातलं. मोकळी हो."

घड्याळाकडे बघत कोण मोकळं होतं? ती गप्प बसायची. याला वाटायचं, बायको समाधानी आहे.

त्याच सुमारास धाकटीला कमी ऐकू यायला लागलं. आधी डावा कान गेला, मग उजवाही मंदावला. दवाखान्यात फोनवर नावं चुकायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला फोनवरून काढून आतल्या खोलीत हत्यारं धुवायला बसवलं. ती माझ्याकडे येऊन रडली. मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेल्यासाठी यंत्र लावा.

"नवऱ्याला सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं ना, रविवारी."

"मग?"

"म्हणाला, उंचावर गेलं की सगळ्यांनाच असे दडे बसतात. नाक दाबून जोरात फुंक मार, मोकळे होतील."

मी वर जाऊन त्याचंच नाक दाबणार होते. तिने हात धरला. म्हणाली, "जाऊ दे ताई, त्याची तयारी ऐन भरात आलीय." माझ्या बहिणीचा मला तेव्हा जितका राग आला, तितका क्वचितच आला असेल.

तिने यंत्र लावलं, केस कानावर ओढून घेतले. तरी इमारतीत हळूहळू सगळ्यांना कळलं. पहारेकरी तिच्यासमोर येऊन सावकाश बोलायचा. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर हाक मारणंच सोडलं, हात हलवायचे. भाजीवाली पिशवीवर टिचकी मारून लक्ष वेधून घ्यायची. परक्या माणसांना जमलं ते. घरातला मात्र जेवताना तिच्या डाव्या हाताला बसून हवामान, दोर आणि बुटांबद्दल बोलत राहिला. ती मान हलवायची. मान हलली की त्याचं भागायचं.

शिखर त्याने गाठलं, खोटं कशाला बोलू. पायाचं एक बोट गोठून काळं पडलं, तेवढं सोडून धडधाकट परत आला. सोसायटीच्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल नव्हती, पण हार आणि माईक होता. माईक हातात आल्यावर त्याला आवरणं कठीण. शेवटी म्हणाला, "या सगळ्यात माझ्या बायकोने एका शब्दाने तक्रार केली नाही. घर आणि ध्येय यांचा तोल मी सांभाळू शकलो, तो तिच्यामुळे."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांना सुचलं, वहिनींनी दोन शब्द बोलावेत. मी तिला कोपराने ढोसलं, तशी ती उठून व्यासपीठावर गेली. त्याने तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजलं.

ती माईकसमोरच म्हणाली, "काय म्हणालास? तोंड इकडे करून बोल."

तो हसला. "घाबरलीय जरा. सवय नाही तिला."

"घाबरले नाही. ऐकू येत नाही मला. हॉलमध्ये यंत्रातून सगळं घुमतं." तिने केस मागे सारले.

त्याने वाकून पाहिलं. माईक तोंडाशीच होता, त्यामुळे पुढचं वाक्य मागच्या रांगेपर्यंत गेलं. "हे कधी लावलंस?"

तळमजल्यावरचे आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "अहो, वर्ष होऊन गेलं की!"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी गेल्यावर तो तिच्यावरच उखडला. सत्काराचा विचका केलास म्हणाला. दुसऱ्या दिवशी सूर बदलला. भिंतीवर तक्ता लागला, हातांच्या खुणांची भाषा शिकायचं नवं ध्येय. तिला खुणा येत नव्हत्या आणि नकोही होत्या. तिने एवढंच मागितलं की रात्री दिवा चालू ठेवून, समोरासमोर बसून जेवू. काही आठवडे जेवला. मग आणखी उंच शिखराचं बोलावणं आलं आणि दिवे पुन्हा लवकर बंद व्हायला लागले.

ती भांडली नाही. बहिऱ्या मुलांच्या शाळेत तिला काम मिळालं. मुलांच्या आईबापांना त्यांच्याशी कसं बोलावं ते शिकवायचं. शाळेजवळच दोन खोल्या घेतल्या आणि तिकडे गेली. सामान खाली न्यायला लिफ्ट त्यानेच धरून ठेवली, मदत म्हणून. दार बंद होताना मला विचारतो, "ताई, मी काय कमी केलं हिला?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "तुम्ही काहीच केलं नाहीत."

आता तो भाषणं देतो. विषय, ध्येय आणि घर यांचा समतोल. लोक वेळ काढून ऐकायला जातात, याचं मला नवल वाटतं. अधूनमधून तो तिच्याकडेही जातो आणि पुढच्या मोहिमेचं सांगत बसतो. मी धाकटीला विचारलं, तू ऐकून कशी घेतेस?

"त्याच्या तोंडाकडे बघितलं तर कळतं मला," ती म्हणाली. "कंटाळा आला की खिडकीबाहेर बघते."

"त्याला समजत नाही?"

"नाही ना. तो बोलतच असतो."