उसवलेल्या ओळी

नको तिथे नाक खुपसायची मला सवय आहे, हे राजधानीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे शेजारच्या प्रभाताई जुन्या सुती साड्यांवर रोज धावदोऱ्याची एकच ओळ घालून सुई का ठेवून देतात, हे कळेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं.

प्रभाताई केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि वर्षभरात पार मिटून गेल्या. कारण कुणालाच कळलं नाही. फोन घेईनात, घराबाहेर पडेनात. डॉक्टरांची औषधं सुरू झाली. त्यांची भाची रुचिता फॅशन डिझायनर. लोकांनी टाकून दिलेल्या साड्यांची ती जॅकेटं शिवते. तीच म्हणाली होती, "मावशी, रोज एक ओळ घाल. दिवस जसा गेला तशी, चित्र काढल्यासारखी." त्या ओळींची जॅकेटं गुरुग्रामच्या प्रदर्शनात मांडायची होती. रुचिताचं ते पहिलंच प्रदर्शन.

मी चहाच्या निमित्ताने डोकावून यायचे. कधी ओळ सरळ, कधी मध्येच घसरलेली. एका निळ्या साडीवर तर टाके एकमेकांवर चढून कापड गोळा झालं होतं.

"हा कुठला दिवस?" मी विचारलं.

"होता एक," म्हणत त्यांनी कप उचलले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रुचिता रडवेली होऊन मला बोलवायला आली. मावशीने त्या निळ्या साडीच्या जॅकेटवरच्या आपल्या सगळ्या ओळी उसवून ठेवल्या होत्या. "काकू, तोच तर मेन पीस होता यार!"

आम्ही गेलो तर प्रभाताई शांत होत्या. "लोक म्हणतील, हिला काय झालं होतं? माझं होतं, मी काढून घेतलं."

रुचिताने जॅकेट हातात घेतलं, पण हट्ट धरला नाही. ओळी तिच्या नव्हत्याच. मला दोघींसाठीही वाईट वाटलं.

"साधंच जॅकेट म्हणून टांग," प्रभाताई म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आमच्याबरोबर टॅक्सीत येऊन बसल्या.

प्रदर्शनात एक बाई निळ्या जॅकेटपाशी थांबली. पाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "ये इतने छेद कैसे हैं?"

"पुराना कपड़ा है," रुचिता घाईघाईने म्हणाली.

"नहीं," प्रभाताई पुढे झाल्या. "यहाँ टाँके थे. मेरे थे. मैं बीमार थी, मन से. मैंने ही निकाल दिए."

घरच्या माणसांना मराठीत जे कधी सांगवलं नाही, ते त्यांनी परक्या बाईला हिंदीत सांगून टाकलं.

"अब कैसी हैं?" बाईने विचारलं.

प्रभाताईंनी जरा विचार केला. "अब गुरुग्राम तक आई हूँ."